आजी म्हणाल्या, ‘आज नाही’

तुमच्या वीकेण्डची टॉप आयडिया काय? मल्टिप्लेक्स, मग कुठेतरी मस्त पास्ता, मग रविवारी अकरापर्यंत लोळणं? ओके. आता माझी ऐका.

पहाटे तीनला उठायचं. अंगावर एकावर एक चार थर चढवायचे. साडेचार तास गाडीत बसायचं. मग एका गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्या भोकाकडे बघत राहायचं. बाहेर उणे वीस. आणि हे सगळं लायसन्स काढून, पदरचे पैसे खर्चून!

हसू नका राव. मीही आधी हसलोच होतो.

२०२२ च्या पावसाळ्यात कंपनीने मला अमेरिकेत मिनेसोटाला पाठवलं. दादरला वाढलेला मुलगा. थंडी म्हणजे माथेरान, एवढीच माझी झेप. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा फोटो काढून घरी पाठवले. डिसेंबरात नाकातले केस गोठायला लागले, तेव्हा फोटो बंद आणि तक्रारी सुरू. मी आणि माझा सांगलीचा रूममेट. ऑफिस, घर, डाळभात, झोप. वीकेण्डला कपडे धुणं. टोटल हॅपनिंग!

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. वय अडुसष्ट. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. ‘मला नावाने हाक मारा,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईला नावाने हाक? आमच्या दोघांच्या तोंडून ते निघेना. समोर आम्ही ‘मॅम’ म्हणायचो आणि आपसात ‘आजी’. एके दिवशी त्यांनी विचारलंच, ‘हे आजी-आजी काय असतं?’ सांगितलं. तर खूश! तेव्हापासून आजीच.

जानेवारी २०२३ मधल्या एका शुक्रवारी त्यांनी दार ठोठावलं. ‘पोरांनो, मासे खाता का?’

दादरच्या मुलाला हे विचारणं म्हणजे...! असो. सांगलीकरही ‘हो’ म्हणाला. आम्हाला वाटलं जेवायचं आमंत्रण आहे. आजी म्हणाल्या, ‘मग पहाटे तीनला तयार राहा.’

आम्ही गेलो ते अप्पर रेड लेकला. रेड लेक हे मिनेसोटाच्या हद्दीतलं सगळ्यात मोठं तळं. तळं म्हणायचं आपलं. वरचा आणि खालचा भाग मिळून जवळपास दोन मुंबया मावतील एवढा पसारा! या राज्याला ‘दहा हजार तळ्यांचा प्रदेश’ म्हणतात आणि प्रत्यक्षात ती त्याहूनही जास्त आहेत. थंडीत ती सगळी गोठतात आणि मग लोक आपलं बिऱ्हाड घेऊन बर्फावर राहायला जातात.

किनाऱ्यावर पोचलो. मला वाटलं आता उतरायचं. आजींनी खिडक्या उघडल्या, आम्हाला सीटबेल्ट काढायला सांगितले आणि पिकअप सरळ तळ्यावर घातली. तळ्यावर! चारचाकी! सांगलीकराने डोळे मिटून ‘गणपती बाप्पा’ म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. खिडक्या उघड्या आणि बेल्ट काढलेले का, तर बर्फ फुटलाच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, जणू पुढच्या स्टॉपवर उतरायचंय.

त्या दिवशी बर्फ दीड फुटाहून जाड होता. घाबरायचं कारण नव्हतं. पण ते मला कळलं नंतर.

आता थोडं सायन्स. दहावीत आपण ‘पाण्याचे असंगत आचरण’ घोकलेलं आठवतंय? होपचं उपकरण, दोन मार्कांची आकृती? तीच ही भानगड. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं. खाली चार अंशांच्या आसपासचं पाणी तसंच राहतं आणि त्यात मासे निवांत जगतात. बर्फ म्हणजे त्यांच्या घराचं छप्पर. आणि आपण त्या छपराला भोक पाडणारे आगाऊ पाहुणे. दहावीत हे असं सांगितलं असतं तर माझे ते दोन मार्क गेले नसते.

भोक पाडायचं यंत्र म्हणजे ऑगर. आपल्या सुताराचं गिरमिट असतं ना, त्याचा थोरला भाऊ. भोकात साचलेला बर्फाचा चुरा काढायला चक्क झारा! भजी तळायला असतो तसाच. सोबत एक पहार. ती कशाला, ते मी तेव्हा विचारलंच नाही.

मग आजींची तंबूसारखी घडीची झोपडी उभी राहिली. आत एक छोटा हीटर, तीन बादल्या आणि रंगीत रेषांचा एक गोल डबा. तो सोनार. आपला गळ एक रेघ, तळ दुसरी रेघ आणि मधेच तिसरी रेघ सरकत आली की समजायचं, गिऱ्हाईक आलं! व्हिडिओ गेमच म्हणा. फक्त गेममधला मासा तुम्हाला दोन-दोन तास ताटकळत ठेवत नाही.

आता गिऱ्हाइकांची ओळख करून देतो.

पहिला वॉलाय. इथला राजा. १९६५ पासून मिनेसोटाचा अधिकृत राज्यमासा. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं. म्हणून तो सूर्य उगवताना आणि मावळताना शिकारीला निघतो. मधल्या वेळात आपण कितीही गळ हलवा, साहेब लंचला गेलेले असतात. गळाला बोटभर लांबीचा मासा आमिष म्हणून लावायचा, तळापासून फूटभर वर धरायचा आणि हलकेच वरखाली करायचा.

दुसरा क्रॉपी. स्पेलिंग वाचलंत तर तोंडात भलताच शब्द येईल. मी तसाच वाचला आणि आजी पाच मिनिटं हसत होत्या. चपटा, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. याचं तोंड कागदासारखं पातळ. मासा लागला म्हणून जोशात हिसका दिलात की तोंड फाटतं आणि तो सटकतो. माझे पहिले दोन असेच गेले. ‘ओढू नको. उचल,’ आजी म्हणाल्या.

तिसरा नॉर्दर्न पाइक. लांबलचक अंग, बदकासारखी चपटी चोच आणि तिच्यात सुयांसारखे दात. याच्यासाठी आजींनी झोपडीबाहेर वेगळं भोक पाडून त्यावर एक सापळा ठेवला. पाइकने आमिष ओढलं की त्याचा छोटा झेंडा टणकन उभा राहतो. मग काय, ‘झेंडा! झेंडा!’ करत तिघंही बर्फावरून धावत सुटायचं. अडुसष्ट वर्षांच्या आजी सगळ्यात पुढे.

दुपारी काहीच लागत नव्हतं, तेव्हा आजींनी तळ्याची गोष्ट सांगितली. या तळ्याचा मोठा भाग रेड लेकच्या ओजिब्वे लोकांचा आहे, बाकीचा पूर्वेकडचा भाग राज्याकडे. वर्षानुवर्षं सगळ्यांनी मिळून वॉलाय इतका उपसला की नव्वदच्या दशकात तो जवळजवळ संपला. मग ओजिब्वे लोकांनी १९९७ मध्ये आपली व्यावसायिक मासेमारी आपणहून थांबवली आणि १९९९ मध्ये राज्य आणि ते लोक यांच्यात करार झाला. वॉलाय बंद! कुणीही धरायचा नाही. माशांची पिल्लं आणून सोडली आणि वाट बघितली. वॉलाय नसल्यामुळे क्रॉपीची चंगळ झाली, लोक लांबून लांबून क्रॉपीसाठी यायला लागले. पण वॉलायला हात नाही. वॉलाय पुन्हा खुला झाला तो २००६ मध्ये.

‘सात वर्षं?’ सांगलीकराने विचारलं.

‘सात वर्षं. मी दर हिवाळ्यात यायचे. क्रॉपी धरायचे. चुकून वॉलाय लागला तर पाण्यात सोडून द्यायचे. आज तुम्ही जो धरणार आहात, तो त्यामुळे आहे.’

मला एकदम आमच्याकडची नारळी पौर्णिमा आठवली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या, माशांना अंडी घालू द्यायची आणि मग समुद्राला नारळ देऊन पुन्हा निघायचं. आजींना ते सांगितलं. ‘तुमचे लोक शहाणे आहेत,’ त्या म्हणाल्या. मी उगीचच कॉलर ताठ केली. जणू काही ती पद्धत मीच सुरू केली होती.

त्या संध्याकाळी सूर्य टेकला आणि वॉलाय यायला लागले. त्यांचे डोळे टॉर्चच्या उजेडात काचेच्या गोटीसारखे चमकायचे. आजी प्रत्येक मासा पट्टीवर मोजायच्या. किती ठेवायचे आणि केवढे ठेवायचे, याचे नियम असतात आणि आजींना ते तोंडपाठ. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा वॉलाय त्यांनी मोजला, माझा फोटो काढला आणि भोकातून परत पाण्यात सोडला. मला रडू यायचं बाकी होतं.

घरी येऊन मात्र आपला हात दाखवला. हळद, कोकमाचं आगळ, आईने पाठवलेला मालवणी मसाला आणि वरून रवा. वॉलायचे तुकडे कुरकुरीत तळले. गोड्या पाण्यातल्या माशाला येतो तो चिखलाचा वास नाही, मांस पांढरंशुभ्र. पाइकमध्ये इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचे काटे असतात, त्यामुळे तिथले लोक त्याला जरा टरकून असतात. काटे काढत मासे खाण्यात बालपण गेलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक? आजींनी मसाल्याने लालबुंद होत तीनदा वाढून घेतलं. त्या हिवाळ्यात आम्ही आणखी चार वेळा गेलो. थंडी वाजायची थांबली नाही, पण तक्रारी थांबल्या.

आता खरी गोष्ट.

डिसेंबर २०२३. माझा प्रोजेक्ट संपत आला होता. जानेवारीत परत जायचं तिकीट हातात. ख्रिसमसनंतरची सुट्टी म्हणजे माझा शेवटचा चान्स. पण हिवाळा विचित्र होता. थंडी पडतच नव्हती. पुढे तो मिनेसोटाच्या नोंदींमधला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला. घराजवळच्या तळ्यांचा भरवसा नव्हता. अप्पर रेड लेक मात्र उथळ आहे, त्यामुळे लवकर गोठतो. लोक तिथे पोचलेत, असं आम्ही ऐकलं. मी आजींच्या मागेच लागलो. ‘बघू तर,’ म्हणाल्या.

पुन्हा पहाटे तीन. पुन्हा साडेचार तास. या वेळी पिकअप किनाऱ्यावर ठेवली आणि आम्ही पायी निघालो. आजी पुढे, आम्ही मागे घसरगाडी ओढत. आणि तेव्हा कळलं, पहार कशाला असते. दर काही पावलांवर आजी पहार जोरात आपटायच्या. आवाज ऐकायच्या. मधेच भोक पाडून पट्टीने जाडी मोजायच्या.

त्याचं गणित साधं आहे. चालायला किमान चार इंच, तेही काचेसारखा स्वच्छ, नवा, घट्ट बर्फ. स्नोमोबाइलला पाच ते सात. छोट्या कारला नऊ-दहा. बर्फ पांढरट, दुधी असेल तर त्याची ताकद निम्मी, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि मोठ्या तळ्यावर नुसती जाडी पुरत नाही, वाराही बघावा लागतो. किनाऱ्याकडून आत वाहणारा वारा अख्खा बर्फाचा पत्रा किनाऱ्यापासून तोडून आत ढकलू शकतो.

किनाऱ्याजवळ सहा इंच निघाला. मी खूश. पुढे पाच. मग साडेचार, आणि तोही पांढरट. मग एक भेग आली. हातभर रुंद, तिच्यात काळं पाणी हलत होतं. लांबवर, भेगेच्या पलीकडे, लोकांच्या रंगीबेरंगी झोपड्या दिसत होत्या. लोक आरामात मासे धरत होते!

आजींनी वाऱ्याकडे तोंड केलं. अर्धा मिनिट तशाच उभ्या राहिल्या. मग घसरगाडीची दोरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, ‘आज नाही.’

मी हादरलोच. ‘अहो, पण इतके लोक गेलेत ना आत?’

‘ते बर्फ मोजून गेलेत की एकमेकांना बघून?’

‘पण साडेचार तास...’

‘साडेचार तास बर्फाला ठाऊक नसतात.’

मी चिडलो होतो. लपवत नाही. मी म्हणालो, ‘तुम्हाला दरवर्षी यायला मिळतं. मला परत कधी मिळणार?’ सांगलीकराने माझी बाही ओढली. आजी काही बोलल्या नाहीत. पहार आपटत, आलो त्याच वाटेने परत चालायला लागल्या.

परतीच्या वाटेत तासभर कुणी बोललं नाही. मग त्यांनी गळ्यातली एक दोरी बाहेर काढून माझ्या मांडीवर टाकली. तिच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी आणि मुठींना टोकदार खिळे. मी ती त्यांच्या गळ्यात नेहमी बघायचो. वाटायचं, काहीतरी शोभेचं असेल.

‘मी तिशीत असताना पडले होते,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हा हे नव्हतं माझ्याकडे.’

मग त्यांनी सांगितलं. गार पाण्यात पडलात की पहिलं मिनिट श्वासाचं. धाप इतकी लागते की माणूस पाणीच ओढतो. ते एक मिनिट फक्त श्वास सांभाळायचा. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. मग बोटं निकामी. शुद्ध जायला त्यानंतर तासभरही लागू शकतो, पण तोवर हात नसतात. म्हणून जे करायचं ते त्या दहा मिनिटांत. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळायचं, कारण तिथल्या बर्फाने आपल्याला आत्ताच पेललेलं असतं. खिळे बर्फात रोवायचे, पाय मारत पोटावर वर सरकायचं. आणि बाहेर आलो की उभं राहायचं नाही! लोळत लांब जायचं.

‘माझ्याकडे खिळे नव्हते. नखं होती,’ आजी म्हणाल्या. ‘नवऱ्याने दोरी टाकली म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. त्या दिवशीही आत बरेच लोक होते. म्हणून तर आम्ही गेलो.’

मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘पुढे हॉटेल आहे. ब्लूबेरी पाय खाऊ. तू पैसे दे.’

दुसऱ्या दिवशी, २९ डिसेंबर २०२३ ला, अप्पर रेड लेकवर बर्फाचा पत्रा किनाऱ्यापासून सुटला. शंभराहून जास्त लोक त्यावर अडकले. मधे उघडं पाणी. बचाव पथकांनी त्यांना एकेक करून बाहेर काढलं. सगळे वाचले. त्याच तळ्यावर आदल्या वर्षी नोव्हेंबरातही असंच झालं होतं, तेव्हा दोनेकशे लोक अडकले होते.

बातमी बघितली आणि मी धावत आजींकडे गेलो. ‘तुम्ही बरोबर होतात!’

मला वाटलं, त्या खूश होतील. त्या भांडी घासत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, ‘बर्फ सुटला नसता तरी मी बरोबरच होते.’

फ्रेंड्स, हे वाक्य मला पचायला वेळ लागला. आपल्या ऑफिसात काय चालतं? रिझल्ट चांगला आला की डिसिजन चांगला. रिस्क घेणारा हिरो. ‘थांबू या’ म्हणणारा फट्टू. आणि थांबल्यामुळे काही झालंच नाही, तर त्याचं अप्रेझल कुणी करायचं? जे घडलंच नाही त्याचा स्लाइड कसा बनवणार?

जानेवारी २०२४ मध्ये मी परत आलो. निघताना आजींनी त्यांची ती खिळ्यांची जोडी माझ्या हातात दिली. ‘तुझ्याकडे बर्फ नाही, माहितेय मला. तरी ठेव.’ (ती चेक-इन बॅगेत टाका बरं का. हातातल्या बॅगेत असती तर मी अजून विमानतळावरच असतो.)

आता मी पुण्यात. जोडी माझ्या डेस्कवर टांगलेली असते. लोकांना वाटतं, स्किपिंगची दोरी आहे. मागच्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी मोठा गो-लाइव्ह होता. टेस्टिंगचे आकडे अर्धवट. सगळे म्हणत होते, करून टाकू, इतके महिने घालवलेत. बाकीच्या टीम्सनी हिरवा कंदील दिलाही होता. मी त्यांना विचारलं, तुम्ही काय मोजलंत? एकाने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे.

मी म्हणालो, ‘आज नाही.’

क्लायंट तापला. बॉस दोन दिवस नीट बोलला नाही. मंगळवारी टेस्टिंग पूर्ण झालं, बुधवारी सगळं शांतपणे लाइव्ह गेलं. शुक्रवारी केलं असतं तर कोसळलं असतं का? माहीत नाही. कधीच कळणार नाही. अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

रात्री आजींना फोन करून सांगितलं. त्यांच्याकडे सकाळ होती, बाहेर पहिला बर्फ पडत होता. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘पाय कुणी खाऊ घातला?’

कुणीच नाही, आजी. मीच टीमला वडापाव खिलवला.

तर मंडळी, येत्या आठवड्यात कुणी ‘आज नाही’ म्हणालं तर त्याच्यावर लगेच चिडू नका. आधी विचारा, त्याने काय मोजलंय. भेटू पुढच्या आठवड्यात!